तसाच बसून राहिलो

सोमवारी दुपारी भाचा आला, मागून त्याची बायको, आमची सूनबाई. चपला काढायच्या आधीच त्याने कागद पुढे केला.

"आत्या, शुद्धलेखन तेवढं बघ. उद्या पोलिसांना द्यायचाय."

"तिसरीपासून बघतेय. सुधारलास कुठे?"

तो हसला नाही.

आदल्या दिवशी मित्राकडे जेवण झालं होतं, जेवणाआधी दारूही. दोघं परतताना वळणावर त्याच्या गाडीने एका सायकलवाल्या रंगाऱ्याला उडवलं. रंगाऱ्याचा उजवा हात मोडला. सूनबाईने त्याला दवाखान्यात पोचवलं. पोलीस यायच्या आत हा पायी घरी सटकला. हा कुरिअरची व्हॅन चालवतो. परवाना गेला की नोकरी गेली. म्हणून गाडी सूनबाई चालवत होती, असा जबाब यानेच लिहिला होता. खाली तिची सही व्हायची होती.

मी वाचू लागले. 'मी सावकाश येत होते. ऊन डोळ्यांवर आले. ब्रेक लावायला मला उशीर झाला. तो पडल्यावर मी स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिलो.'

"एक चूक आहे," मी म्हणाले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

सूनबाईने ती ओळ मोठ्याने वाचली.

"घाईत झालं गं. 'तशीच बसून राहिले' कर ना!"

"करते. पण आधी सांग, किती वेळ बसून राहिलास?"

"काय माहीत. हात सुटेनात. तो सारखं म्हणत होता, 'दादा, माझा हात बघा.'"

"मला तर म्हणालास, दार अडकलंय म्हणून उतरता येत नाही!" सूनबाई म्हणाली.

"थोडीच घेतली होती गं..."

"थोडी म्हणजे ग्लासात की बादलीत?" मी विचारलं.

वर्गातल्या मुलांना समजावते तसंच मी त्याला समजावलं. "पिऊन गाडी चालवलीस, हा एक गुन्हा. तो तुझा. खोटा जबाब हा दुसरा, आणि त्यावर सही हिची. उद्या कोणी उलट विचारलं, तर कोर्टात उभी कोण राहणार? हीच ना?"

सूनबाईने हातातल्या पेनाला टोपण लावलं.

कागद स्वतःकडे ओढत तो म्हणाला, "मग आता काय लिहू?"

"ते एक वाक्य खरं आहे. ते ठेव. बाकीची त्याच्याशी जुळवून घे."

तीनदा लिहून त्याने चौथा कागद घेतला. सकाळी चौकीत एकटाच गेला.

खटला चालला. दंड झाला, सहा महिने परवाना गेला. कंपनीने काढलं नाही, पण व्हॅनवरून उतरवून गोदामात खोकी लावायला ठेवलं. रंगाऱ्याच्या हाताचं प्लास्टर निघालं, तरी वरच्या भिंतीपर्यंत ब्रश अजून पोचत नाही. भाचा रविवारी त्याच्या शिडीवर चढतो.

सूनबाई त्याच्याशी अजून कामापुरतंच बोलते. गोदामापर्यंत सोडायला मात्र रोज तीच जाते.