धूसर फोटो

चिन्नाळपट्टीच्या नेत्रकेंद्रात पूंगोडी डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढायची. फोटो मदुरैला डॉक्टर कदिरेशन यांच्याकडे जात आणि ते पाहून सल्ला कळवत.

त्या सकाळी वेल्लम्माळ आली. सगळे तिला पाट्टी, म्हणजे आजी, म्हणत. साड्यांवर चुंगडीच्या, म्हणजे बांधणीच्या रंगकामाच्या, बारीक गाठी बांधण्यात तिची हयात गेली होती, आणि साखरेचं दुखणं चौदा वर्षांचं.

"उजव्या डोळ्यापुढं कोळ्याचं जाळं आलंय गं. गाठ कुठं नि बोट कुठं, कळेना."

पूंगोडीने फोटो काढला. डोळ्याच्या पडद्यावर रक्त पसरलं होतं. नाजूक झालेल्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. तिने गेल्या वर्षीचा फोटो उघडला.

उजव्या डोळ्याचा तो फोटो अर्धा धूसर होता. त्या दिवशी पूंगोडीच्या मावसबहिणीचा साखरपुडा होता. थेंब घातल्यावर डोळ्याची बाहुली नीट मोठी व्हायच्या आधीच तिने बटण दाबलं होतं आणि 'स्पष्ट' अशी खूणही केली होती. डॉक्टरांनी त्यावर विश्वासून 'वर्षाने या' असं कळवलं होतं. आता निरखून पाहिलं, तर त्या धुरकटात आजाराचे लाल ठिपके तेव्हाच होते.

कुणालाच कळलं नसतं. तिने दोनदा फोटो बंद केला, दोनदा उघडला. शेवटी डॉक्टरांना फोन लावला.

सगळं ऐकून ते म्हणाले, "आजच्या आज लेसरसाठी पाठव. आणि पाट्टीला तूच सांग. मी नाही सांगणार."

वेल्लम्माळ बाकावर बसली होती. पूंगोडी तिच्या पायाशी बसली. "पाट्टी, चूक माझी आहे. मागच्या वेळी मी घाई केली."

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. "अगं, 'पाट्टी, पुन्हा बस' एवढं म्हणाली असतीस, तर मी काय पळून जाणार होते?"

पूंगोडीला मान वर करवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

लेसर झालं. डाव्या डोळ्यातही सुरुवात झाली होती, तो वाचला. उजव्याला अंधूक दिसतं तेवढंच. झाला प्रकार पूंगोडीने स्वतः केंद्राला लिहून दिला. तीन महिने तिला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही, तिच्या जागी दुसरी मुलगी आली; मग तिलाही पुन्हा बसवलं.

तपासणीला आलेल्या वेल्लम्माळने दारातूनच तिला पाहिलं.

"तू जेवलीस का गं?" तिने विचारलं.

"जेवले, पाट्टी."

"बरं. माझा फोटो मात्र त्या दुसऱ्या पोरीला काढू दे."

पूंगोडीने उठून खुर्ची रिकामी केली.