कळसाआड

जाईबाईच्या शिव्या लालबागहून निघायच्या, परळच्या दोन टॉवरांमधल्या फटीतून जायच्या आणि शीव कोळीवाड्याजवळ, सोळाव्या मजल्यावर, तिच्या नवऱ्याच्या कानात पडायच्या. मग लवू तोंड उघडायचा.

झटका आल्यापासून लवूची उजवी बाजू गेली, वाचा गेली. चाळीचा जिना त्याला झेपेना, म्हणून मुलाने, दीपकने, बापाला आपल्या लिफ्टच्या इमारतीत नेलं. जाईबाई मागे राहिली. चाळ पाडायचं घाटत होतं आणि कोणाची खोली बंद दिसली की 'इथे कोणी राहतच नाही' म्हणून आपलं कुलूप ठोकायला मालक टपलेला. "मी मेल्यावर लावा कुलूप," तिने सांगून टाकलं.

पण लवू सुनेच्या हातून जेवेना. प्राची गोडीने सांगायची, आणि गोडीची त्या माणसाला सवय होतीच कुठे? गिरणीतून आला की आधी बायकोच्या तोंडाचा पट्टा, मग ताट, हे त्याचं जन्माचं वळण. चाळीतल्या खोलीत मोबाइलला धड रेंज नव्हती आणि नवी वायर मालक टाकू देईना. शेवटी दीपकच्या मित्राने, बुद्धभूषणने, युक्ती काढली. तिकडे सोळाव्या मजल्याच्या खिडकीत एक डिश, इकडे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतल्या खांबाला दुसरी, दोघींची तोंडं समोरासमोर. तिकडचं इंटरनेट हवेतून इकडे.

"काकी, ह्या दोघींच्या मध्ये काही येता कामा नये."

"माझ्या नि ह्यांच्या मध्ये यायची कोणाची छाती आहे रे?"

दोन्ही वेळच्या जेवणाला ती व्हिडिओ कॉल लावून टॅबसमोर बसायची. "अहो, तोंड उघडा! की भटजी बोलावू मुहूर्ताला? तो भात गालात काय ठेवलाय, जागा पागडीने दिलीय त्याला?" लवू गिळायचा. तोंडाच्या एका कोपऱ्यातून हसल्यासारखं करायचा.

चाळीत मात्र तिने ह्यातलं काही कळू दिलं नव्हतं. कोणी विचारलं की, "ठणठणीत आहेत. आपल्या हाताने जेवतात."

गणपती जवळ आले. मागल्या वर्षी मंडळाची कमान बघून जाईबाईच भर गल्लीत बोलली होती, "शेजारच्या गल्लीची कमान बघा केवढी उंच, नाहीतर आपली! मोरीचं दार बरं." यंदा पोरांनी ते मनावर घेतलं. कमान चढत गेली आणि अखेर वर पत्र्याचा भलाथोरला कळस बसला. त्याच वेळी टॅबवरचा लवू घास तोंडाशी असताना थिजला आणि दिसेनासा झाला.

बुद्धभूषण येऊन बघून गेला. "बरोबर रेषेत आलाय कळस. डिश वर न्यावी, तर तुमची कौलं खांब पेलणार नाहीत. काकी, मंडळाला सांगा ना."

ती खाली उतरली. मंडळाचा अध्यक्ष मयूर दिव्यांच्या माळा तपासत होता.

"काय आजी, यंदा तरी तोंड बंद झालं की नाही?"

पोरं हसली. आमच्या ह्यांना घास भरवायला माझा आवाज लागतो, एवढंच तर सांगायचं होतं. तिने तोंड उघडलं. "ते डोक्यावर टोपलं कशाला पालथं घातलंय? काढा ते."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना उंच करा? आता क्रेनपण गेली. काढायचं कशाला, ते तरी सांगा."

जाईबाईने पदर खोचला. "वाईट दिसतं म्हणून," म्हणाली आणि जिना चढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रेंज शोधत पार पुलाखाली गेली.

"आई, कालपासून एक घास नाही," फोनवर प्राची रडकुंडीला आली होती. "परवाचं तुमचं बोलणं रेकॉर्ड केलेलं, ते लावलं, तर तोंडच फिरवलं. डॉक्टर म्हणतात, नाकातून नळी घालावी लागेल."

"रेकॉर्डला काय डोळे आहेत, घास गिळला की गालात ठेवला ते बघायला?" ती ओरडली आणि तशीच माघारी वळली.

घरी येऊन तिने खोलीला कुलूप लावलं. तीनदा ओढून पाहिलं. मग टॅक्सी केली.

लवू भिंतीकडे तोंड करून पडला होता. दोन दिवसांत गालफडं बसली होती.

"अहो, उठा! लालबागहून काय तुमचं थोबाड बघायला आले?"

त्याने मान वळवली. बराच वेळ बघत राहिला. तिने पेजेचा चमचा पुढे केला. ओठ हलले, उघडले. घास आत गेला, घशाखाली उतरला.

चौथ्या चमच्याला जाईबाईचा मोबाइल वाजला, प्राचीने तो तिच्या कानाला लावला. मयूर होता. "आजी, मालकाचा माणूस नवं कुलूप घेऊन तुमच्या दारात उभा आहे. कुठे आहात? त्याला काय सांगू?"

लवूचं तोंड पुढच्या घासाला उघडं होतं.

"सांग, जाईबाई नवऱ्याला भरवतेय," ती म्हणाली. चमचा त्याच्या तोंडात घातला आणि बोलतच राहिली. "मी चार शिव्या दिल्याशिवाय त्यांना घास जात नाही. तुमचा कळस मध्ये आला म्हणून मला यावं लागलं. सगळ्या चाळीला सांग. आणि मयूर... अडव रे त्याला."

पलीकडे गलका होता, ढोल होता. पोराने ऐकलं की नाही, काही कळेना. फोन कट झाला.

"काय बघताय?" ती लवूवर खेकसली. "गिळा आधी."