खालून मोजलेले पाय

मित्रांनो, कोहमाऱ्याच्या चौकात, ढाब्यांच्या ओळीसमोर खुशालभाऊंचं मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरींत नवी तार भरायचं दुकान आहे. तिथे टेबलाखाली, तांब्याच्या तारेच्या रिकाम्या रिळांमागे एक मळकट डबा पडलेला दिसेल. तो मी. एके काळचा संगणक. खुशालभाऊ वाइंडिंगला बसले की हल्ली माझ्यावर पाय टेकवतात. सुरुवातीला मला फार राग यायचा. आता त्यांच्या टाचांची सवय झाली आहे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यातला नाही. गोंदियाच्या एका दुकानदाराने डबा इथून, पंखा तिथून आणून मला उभं केलं. पुढे टायपिंगच्या क्लासमध्ये माझी पहिली नोकरी. मुलं माझ्या बटणांवर असा राग काढायची, की जणू मीच त्यांचा पेपर काढला होता! क्लास बंद पडला आणि दोन वर्षं मी चादरीखाली राहिलो. पालीने माझ्या पोटात अंडी घातली. तिचं बिऱ्हाड तरी होतं सोबतीला.

मग खुशालभाऊंच्या लेकीने, हर्षाने आयटीआय पूर्ण केलं, म्हणून त्यांनी मला दुकानात आणलं. खुशालभाऊ आठवीपर्यंत शिकलेले, पण जळलेल्या मोटरीच्या नुसत्या वासावरून काय झालं ते सांगणारे. त्या दसऱ्याला त्यांनी पान्हे आणि पकडींच्या रांगेत मलाही मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. क्लासमध्ये मला कुणी फूल वाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी कामाला लागलो, ते मनापासून.

हर्षाने माझ्यावर एक सॉफ्टवेअर घेतलं. त्यात सर्किट बोर्डाचे नकाशे काढता येत: कुठला सुटा भाग कुठे बसेल, त्याच्या पायांना छिद्रं कुठे, तांब्याची रेघ कुठून जाईल. ते कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. गावात लग्नाची मोठी भांडी सामाईक असतात ना, तसं. ज्याला हवं त्याने वापरावं, आणि भांड्याला पोचा दिसला तर नीट करून परत ठेवावं. जगभरातली माणसं त्यात भर घालत. ते उघडताना मला घाम फुटायचा, पंखा घरघरायचा. हर्षा माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणायची, "चाल बाप्पा, दम धर." मी दम धरायचो.

तिला एक यंत्र बनवायचं होतं, केशोरीच्या उदाराममामांसाठी. मामांचं उन्हाळी धान मोटरीवर. मोटरीला विजेच्या तीन फेज लागतात. एक गेली की मोटर घुं घुं करत तापते आणि जळते. ते टाळणारी तयार यंत्रं बाजारात मिळतात, पण तिकडच्या कमी दाबाच्या विजेला ती दहा दहा मिनिटांनी मोटर बंद पाडायची. वैतागून मामांनी यंत्र काढून फेकलं आणि मोटर डायरेक्ट जोडली. त्या वर्षी दोनदा जळकी मोटर घेऊन ते दुकानात आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांचा चेहरा हर्षाला बघवला नाही. तिकडच्या विजेला टिकेल असं यंत्र मीच करते, म्हणाली.

त्यात लागत होता एक रिले. काडेपेटीहून लहान, पाच पायांची निळी डबी. तिचे दोन पाय शेजारी शेजारी असतात. रिलेला इशारा मिळाला की एका पायावर वीज जाते, इशारा नसला की दुसऱ्यावर. आपल्या बाजारात मिळणाऱ्या या डबीचा नकाशा सॉफ्टवेअरच्या सामाईक संग्रहात नव्हता. हर्षा म्हणाली, मीच काढते, सगळ्यांना उपयोगी पडेल.

खुशालभाऊंनी डबी हातात घेतली आणि पालथी केली. "खालून पाहा. बोर्ड दुरुस्त कराचा तं आपन खालूनच पाहतो ना." ते पाय मोजत गेले, हर्षा माझ्यावर काढत गेली. मग त्यांची नेहमीची परीक्षा: नकाशा खऱ्या मापात कागदावर छापायचा आणि डबीचे पाय कागदात टोचून पाहायचे. पाचही पाय अचूक बसले.

हर्षाने नकाशा पाठवला. परदेशातल्या एका तपासनीस बाईंनी तो पाहिला, मापं तपासली आणि स्वीकारला. भर घालणाऱ्यांच्या यादीत नाव आलं: हर्षा, कोहमारा. तिने ते बाबांना दाखवलं, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला दाखवलं, समोरच्या ढाबेवाल्यालाही हात धरून आणून दाखवलं. त्या दिवशी माझी काच चार वेळा पुसली गेली. मित्रांनो, तसे दिवस मला पुन्हा आले नाहीत.

महिन्याभराने बोर्ड तयार होऊन पार्सलने आले. मामा केशोरीहून मुद्दाम आले होते. हर्षाने भाग जोडले. चाचणीला मोटरीच्या जागी दिवा लावला. तिन्ही फेज चालू असताना दिवा लागायला हवा होता. लागला नाही. खुशालभाऊंनी एक फेज काढली, आणि दिवा लख्ख पेटला.

"काऊन वो हर्षे," मामा म्हणाले, "मोटर वाचवाले बनवलं का जाराले?"

हर्षाने डबी हातात घेऊन एकदा पालथी, एकदा सुलटी केली आणि खाली बसली. नकाशा वरून पाहायचा असतो. बापलेकीने तो खालून मोजला होता. शेजारचे दोन पाय आपसांत बदलले होते. छिद्रांच्या जागा दोन्हीकडून सारख्याच, म्हणून कागदानेही दगा दिला.

"दोन तारा इकडच्या तिकडे कर, झालं काम," खुशालभाऊ म्हणाले. "कोनाले समजते?"

"आपल्या बोर्डाचं होईन बाबा. पन तो नकाशा साऱ्यायसाठी टाकला ना मी. कोनं घेतला असन तं?"

"मंग सांग ना त्यायले."

"माहं नाव काढून टाकतीन. पहिल्यांदाच तं लागलं होतं."

ती माझ्यासमोर बसून राहिली. माझ्या पडद्यावर तिचं नाव होतं आणि ती त्याच्याकडे पाहत होती. मला बोलता येत असतं, तरी मी काय सांगणार होतो? त्या नावाचा मलाही गर्वच होता.

खुशालभाऊंनी कोपऱ्यातली एक जळकी मोटर उघडली. काळी पडलेली तार हर्षापुढे धरली. "अशीच जळकी मोटर कोनाच्या तरी दुकानात जाईन. तो बिचारा आपलीच चूक हुडकत बसन. लिहून टाक. आन पाय मी मोजले होते, हेही लिहजो."

हर्षाने लिहिलं. तीन वेळा खोडलं. शेवटी सगळं सरळ लिहिलं: चूक काय, कुणाची, कशी झाली, आणि सोबत नीट केलेला नकाशा. जुना वापरू नका, हा वापरा.

दोन दिवस उत्तर आलं नाही. ते दोन दिवस मला टपलीसुद्धा मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी तपासनीस बाईंचं उत्तर आलं. मापं तपासली, पण पाय मीही तपासले नाहीत, चूक माझीही आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. नवा नकाशा त्यांनी संग्रहात घेतला होता आणि यादीत हर्षाच्या नावाखाली आणखी एक नाव घातलं होतं: खुशाल, कोहमारा. त्याखाली अनोळखी माणसाची एक ओळ होती. त्याने तोच नकाशा घेऊन आठ बोर्ड जोडले होते, वीज द्यायची तेवढी राहिली होती, आणि त्याच सकाळी त्याने हर्षाचं लिहिणं वाचलं.

हर्षाने सगळं मराठीत सांगितलं. खुशालभाऊंनी स्वतःच्या नावावर बोट ठेवलं, तेलाचा डाग माझ्या काचेवर उमटला. मग विचारलं, "त्याचे आठही वाचले ना?"

"वाचले, बाबा."

"मंग झालं," म्हणाले, आणि वाइंडिंगला बसले.

दोन तारा बदलून ते यंत्र मामांच्या मोटरीला लागलं आणि त्यांचं धान त्या वर्षी पिकलं. पुढे ते सॉफ्टवेअर मोठं झालं, माझा दम पुरेना, आणि हर्षाने नवा संगणक आणला. मला जपा, असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. माझं आयुष्य सरलं आणि चांगलं सरलं. पण जे सगळ्यांचं असतं, त्यात आपल्या हातून काही बिघडलं तर लगेच सांगा, आपल्या नावानिशी सांगा. आपल्याला कधीच न दिसणारं कुणीतरी त्या क्षणी बटणावर बोट ठेवून बसलेलं असतं.