वीतभर बुटका खांब

मी खांब बोलतोय. लाईटीचा नाय अन् झेंड्याचाबी नाय, बास्केटबॉलचा. डोक्यावर फळी, फळीला लोखंडाचं कडं, कड्याला जाळी. ती जाळी म्हणजे माझी दाढी. फाटकी हाय, हसू नका.

शिक्षण म्हणाल तर माझ्या पोटावर लोकं जे कागद चिकटवायचे तेवढंच. मूळव्याधीच्या दवाखान्याचा कागद लई वर्षं होता, म्हणून मला 'मू' ओळखता येतो. बाकी अडाणी.

जन्म उस्मानपुऱ्यातला, फारूखभाईच्या वेल्डिंगच्या दुकानात. आधी मी बोअरचा जुना पाईप होतो. छावणीतल्या पोरांनी ग्राउंडसाठी मागणी केली, तवा फारूखभाईनं मला घासलं, फळी लावली, कडं वाकवून जोडलं अन् ग्राउंडवर आणून शिमेटात उभा केला. टेप लावून म्हणाला, "कडं जमिनीपासून दहा फूट, सगळीकडं असतं तेवढंच. दहा म्हणजे दहा, एक सूत कमी नाय."

मी लई वात्रट निघालो. एखादा केस उडवत आला, दोस्तांना म्हणाला, "आता बघा हां," की मी त्याचा बॉल कड्यावर झेलायचो. एक चक्कर फिरवायचो, दुसरी फिरवायचो. सगळी पोरं माना वर करून बघायची. अन् मग थू करून बाहेर! तो मला लाथ मारायचा. लाथ त्यालाच लागायची.

फारूखभाईची पोरगी आमरीन सात वर्षांची असंल, तवा आली. दोन हातांनी, गुडघ्यांतनं बळ काढून बॉल फेकायची. बॉल कड्याच्या चार बोटं खाली यायचा अन् परत जायचा. महिनाभर रोज तेच. एक दिवस मातीत फतकल मारून बसली.

"अब्बा, ये मेरा बॉलच नै लेता!"

"लेता बेटा. रो नक्को."

"झूट. इसकू मैं पसंद नै."

आता बापाला लेकीचं रडं सोसवतं का? पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर फारूखभाई दोघं-तिघं मदतीला घेऊन आला. त्यांनी मला धरलं, अन् ह्यानं जमिनीला लागून माझा वीतभर पाय कापला. उरलेला परत खाली जोडला. ठिणग्या उडत होत्या अन् पोरगी लांबनं टाळ्या वाजवत होती, तिला वाटलं अब्बा मला दुरुस्त करतोय. कापलेला तुकडा काखेत मारून तो मला हळूच म्हणाला, "मोठी झाली की जोडून देतो."

तुकडा दुकानात गेला. त्यात वेल्डिंगचे रॉड उभे ठेवायला लागला. चांगली सोय झाली. चांगली सोय झाली की माणूस ती मोडत नाय, हे मी बघितलंय.

त्या दिवशी आमरीनचा पहिला बॉल माझ्या कड्यातनं खाली आला. तिनं मला मिठी मारली. मी तवाच ठरवलं, साऱ्या दुनियेची चेष्टा करीन, हिची नाय.

वीतभर बुटका झालो ते मदतीला आलेले विसरून गेले, बाकी कुणाला कळलं नाय. ग्राउंडवर मी एकटाच. शेजारी दुसरा खांब असता तर कळलं असतं. पोरं तर खुश. उडी मारली की जाळीला हात लागायचा. "आपली उंची वाढली बे!" म्हणत घरी जायची. मीबी दाढी हलवून हसायचो.

आमरीन मात्र खेळत गेली. शाळेला जायच्या आधी दोनशे बॉल, संध्याकाळी दोनशे. बारा-तेराची झाली तवा तिनं टाकलेला बॉल कड्याला शिवत नसायचा, नुसता जाळीचा सळकन आवाज. शाळेचे अतुल सर बघायला यायचे. सर मूळचे कबड्डीचे, बास्केटबॉल पुस्तक वाचून शिकवायचे, पण माणूस जिवाभावाचा. तेच तिला जिल्ह्याला घेऊन गेले, मग राज्याला.

मी कुठं गेलो नाय. माझ्या बुडाशी बसून जे बोलले तेवढंच मला माहीत. ते असं, की पळण्यात आमरीनला कुणी धरत नाय, बॉल हिसकावण्यात तिचा हात कुणी धरत नाय. पण बाहेरगावी कड्यात बॉल जात नाय. कड्याच्या पुढच्या काठाला आपटतो अन् परत येतो.

"तू घाबरती गं," अतुल सर म्हणायचे. "इथं वाघीण, तिथं शेळी. मन घट्ट कर."

"करते सर."

तिची आई सगीरा डबा घेऊन आली की तीबी तेच म्हणायची, "लोगां देखके डरती छोकरी." पाणी दम करून, म्हणजे दुवा पढून त्यावर फुंकर मारून, पाजायची. पोरं तर चिडवायचीच, "आली घरकी शेर!" आमरीन हसायची. पण पोरं गेली की माझ्या पाईपाला कपाळ टेकवून म्हणायची, "मैं डरपोक क्यूं है रे?" माझा पाय तिच्या बुटाजवळच होता. वेल्डिंगचा वण दिसत होता. मला तोंड असतं तर.

खरं सांगू? तवा त्या वणाचा अन् तिच्या हरण्याचा संबंध मलाबी कळत नव्हता. मलाबी वाटायचं, पोरगी घाबरती.

आता आपल्याकडं बास्केटबॉलवर पोट भरायचं म्हणजे वाट एकच. रेल्वे, पोलीस, बँक, कुणाच्या तरी टीममध्ये खेळाडू म्हणून नोकरी लागली पाहिजे. अन् तीबी पंचविशीच्या आत. आमरीन चोविसाव्या वर्षी रेल्वेच्या टीमची निवड चाचणी द्यायला गेली. साऱ्या छावणीनं पेढे आधीच ठरवून ठेवले होते.

परत आली ती थेट माझ्याकडं. बॅग खांद्यावर तशीच. भर दुपार, ग्राउंडवर चिटपाखरू नाय. बॅग टाकली, बॉल काढला, वीस टाकले. एकोणीस गेले. मग ती बसली, अन् सात वर्षांची असताना बसली होती तशीच बसली.

फारूखभाई हुडकत आला. "क्या हुआ बेटा?"

"तिथं विसात सात. इथं विसात एकोणीस. अब्बा, बॉल तोच, हात तोच. मीच खराब हाय."

फारूखभाई तिच्या शेजारी बसायला खाली वाकला अन् त्याचा हात माझ्या पायावर आला. वणावर. तो हात तिथंच राहिला. हात लोखंडाचा झाला जणू.

"आमरीन," तो म्हणाला, "ये खंबा दस फूट का नै."

"क्या?"

"तू छोटी थी. रोती थी. मैं काटा. एक बित्ता." त्यानं वीत करून दाखवली. "जोडूंगा बोला था. फिर तेरे बॉल जाने लगे, लोगां वाह वाह करने लगे... बित्तेभरसे क्या होता, मैं सोचा. फिर भूलच गया."

मला वाटलं, आता ही मला दगड मारणार, का बापाला बोलणार. तिनं वर कड्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "मतलब मैं डरपोक नै थी."

"नै बेटा. कभीच नै."

"सतरा वर्षं, अब्बा." एवढंच. अन् बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं. फारूखभाई असा रडला की मला माझी सगळी थट्टा आठवून लाज वाटली. ज्याला त्याला बनवत आलो, अन् जिला बनवायचं नव्हतं तिलाच सतरा वर्षं फसवलं.

त्याच संध्याकाळी रॉड ओतून तो तुकडा आला, माझ्या पायाला जोडला. अतुल सर टेप धरून होते. टेप धरता धरता म्हणाले, "पोरी, मी तुला शेळी म्हणालो गं." अन् टेप सोडून डोळे पुसले, म्हणून मोजणं दुसऱ्यांदा करावं लागलं.

पंचविशीला आठ महिने होते. आमरीन दिवसाला हजार बॉल टाकायची. हात शिकत होता, पण सतरा वर्षांची सवय काय लवकर उतरती? दमली की हात आपोआप जुन्या उंचीवर जायचा. दुसऱ्या निवडीत तेरा गेले. घेतलेल्या पोरींचे सोळा-सतरा होते. मग वय निघून गेलं. पेढे कुणी आणले नाय, अन् कुणी इचारलंबी नाय.

तिनं शिक्षण पुरं केलं अन् पिशोर गावच्या शाळेत खेळाची मॅडम झाली.

पुढं ग्राउंडवर काचेच्या फळीचे नवे खांब आले. मला जेसीबीनं ओढलं, तर मी नेमका जुन्या वणावर मोडलो. वीतभर तुकडा छावणीच्या शिमेटातच राहिला. मी भंगारात चाललो होतो, आमरीन टेम्पो घेऊन आली अन् मला पिशोरला घेऊन गेली.

फारूखभाई थकला होता, तरी माझ्या बुडाला लोखंडी पाटा लावायला आला. टेप लावली. नऊ फूट तीन इंच.

"दुसरा तुकडा जोडू का?" त्यानं भीत भीत इचारलं.

"राहू द्या अब्बा. बारकी पोरं हायेत. पण लिहून ठेवू."

तिनं माझ्या पोटावर पांढऱ्या रंगानं काहीतरी मोठं लिहिलं. मी 'मू' हुडकला, सापडला नाय. संस्कृती नावाची दुसरीतली पोरगी बोट ठेवून वाचायला लागली, तवा मला कळलं. "हा... खांब... नऊ इंच... बुटका... आहे." मग वर बघून म्हणाली, "मॅडम, असं का लिव्हलं?"

"तू दुसरीकडं खेळायला गेलीस की तुला ठाऊक असावं म्हणून."

तर आता मी इथं हाय. गंज चढलाय, दाढी गळालीय. थट्टा सोडली; पोरांचे बॉल गुमान खाली सोडतो. तुम्हाला एकच मागणं हाय. एखादं लेकरू घरी जिंकून बाहेर हरलं तर त्याला घाबरट म्हणायच्या आधी त्याच्या घरचा खांब मोजा.

अन् आमरीन, तुला एक सांगायचंय. शाळा सुटली की तू बॉल गोळा करतीस, पिशवीत भरतीस, माझ्याकडं एकदा बघतीस अन् जातीस. सात वर्षं झाली, तू माझ्यात एकबी बॉल टाकला नाय.

एक टाक गं. पडला तर पडला, नाय तर नाय.