मागच्या सीटवरचे पाय

विमान टेकलं, थोडं सरळ धावलं, मग उजवीकडे ओढलं गेलं आणि स्वतःभोवती गर्रकन फिरून गवतात आडवं झालं. एल्डनने हातातला दांडा सोडला. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे न पाहता तो आपल्या डाव्या पायाकडे बघत राहिला. हिवाळ्यात पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्या पायात जोर नव्हता.

“बाबा, ते दुसरं विमान घ्या ना,” टेस म्हणाली. “नाकाखाली चाक असलेलं. ते आपोआप सरळ जातं.”

“आपोआप सरळ जायला ती काय बाबागाडी आहे?”

अलास्कातल्या त्या नदीकाठी रस्ता असा नव्हताच. टपाल, पीठ, औषधं, एकदा तर बाळंतपणात अडलेली बाईसुद्धा, सगळं एल्डनच्या पिवळ्या विमानातून गेलं. त्याला चाक होतं ते शेपटीखाली. असलं विमान जमिनीवर आलं की नाक आभाळाकडे, समोरचं काही दिसत नाही. कडेची झुडपं बघत, दोन्ही पायांनी पेडल हलकेच दाबत ते सरळ ठेवायचं. पाय जरा चुकला की शेपूट पुढे यायला बघतं.

आता डॉक्टरांनी त्याचं विमान उडवणं बंद केलं होतं. म्हणून टेसने शहरातून हा कॉम्प्युटर आणला, पायाशी पेडल बसवले आणि पडद्यावर हीच नदी आणली. तो रोज उडायचा छान. उतरताना वारा उजवीकडून असला की डावा पेडल दाबायला लागायचा, आणि तिथेच सगळं फसायचं.

“शेवटचं एकदा,” तो म्हणाला. “नाही जमलं तर लाव तुझी बाबागाडी.”

बाबागाडीत तो कधीच बसणार नव्हता, हे टेसला ठाऊक होतं. तो नुसता खिडकीशी बसून राहिला असता, हिवाळाभर बसला तसा. तिला रडू यायला लागलं.

तिची आई नेड्रा ओट्याशी मासे चिरत होती. तिने हात धुतले, बूट काढले आणि स्टूल ओढून नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसली.

“तुझा पाय काढ तिथून.”

“तुला काय कळतंय यातलं?”

“तू उतरव. बडबड नको.”

पडद्यावर नदी वळणं घेत खाली येत होती. उन्हाळी संध्याकाळचं न मावळणारं ऊन पाण्यावर होतं, तसंच ऊन खिडकीतून त्याच्या हातावरही पडलं होतं. क्षणभर कुठली नदी बाहेरची आणि कुठली आतली, टेसला कळेना. इंजिनाचा आवाज मंद झाला. नदीकाठची गोट्यांची धावपट्टी समोर आली आणि नाकाआड गेली.

चाकं टेकली. उजवीकडच्या वाऱ्याने शेपूट ढकललं, आणि मोज्यातला नेड्राचा पाय हलला. थोडा दाब, लगेच सैल, पुन्हा थोडा. कणीक मळताना बोटं चालतात तसा तो न बघता चालत होता. विमान सरळ धावलं, हळू झालं, थांबलं.

विमान थांबल्यावरही तिचा पाय पेडलवर तसाच हलका टेकलेला होता. एल्डन त्या पायाकडे बघत होता.

पिवळ्या विमानात मागच्या सीटसमोरही पेडल होते, पुढच्यांना जोडलेले. मागच्याचा पाय त्यांना लागू नये म्हणून उडण्याआधी तो दर वेळी ओरडायचा, “पाय जमिनीवर!” बायकोलाही त्यातून सूट नव्हती.

“त्या वादळात,” तो सावकाश म्हणाला, “तू मागे बसलेली असताना, नदीच्या वरच्या अंगाला वाळूवर उतरलो होतो. वारा उजवीकडूनच होता.”

“होता.”

“एकट्याने विमान सावरल्याची ती गोष्ट मी जन्मभर सांगत आलोय.”

“छान सांगतोस,” नेड्रा म्हणाली आणि उठायला लागली. “मासे तसेच पडलेत.”

त्याने तिचा हात धरला. मग चांगल्या पायाने जोर देऊन तिला जागा करायला आपली खुर्ची थोडी उजवीकडे सरकवली.

“टेस, विमान हेच राहू दे,” तो म्हणाला. त्याने दांडा धरला, समोरच्या नदीकडे पाहिलं आणि जुन्या सवयीने ओरडला,

“पाय पेडलवर!”