वरून दिसलेला राब

सोमवार, सकाळी साडेदहा. वरून.

रोह्याच्या पूर्वेला डोंगरांवर धुराच्या दोन फिकट रेघा. त्यातली एक कालचीच, पसरलेली. ऋतुजाने दोन्ही कुठून निघाल्या ते शोधले, कुठे सरकतील ते लिहिले. तिचे काम हेच. पेणला रामवाडीत दुसऱ्या मजल्यावरच्या घरात बसून उपग्रहाच्या चित्रांत धूर ओळखायचा आणि तो कोणत्या गावांवर जाणार ते कळवायचे.

एक जागा ती कामाबाहेर बघते. रोह्याजवळचे बाबांचे शेत.

तिथे काही नाही.

वरून न दिसणारे.

बाबा, म्हणजे कमळाकर, जानेवारीत दम्याने आठ दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरांनी सांगितले, धुरात जायचे नाही. आणि मार्च आला. मार्चात राब भाजायचा असतो. भाताची रोपे ज्या तुकड्यावर करायची, तिथे शेण, फांद्या, पाला, पेंढा, वर माती, मग विस्तव. नाहीतर रोपांपेक्षा तणच जास्त. ऋतुजाने बाबांकडून वदवून घेतले होते. "मी नाय पेटवणार," ते म्हणाले होते. तिने तेवढ्यावर विश्वास ठेवला.

रविवार (हे आधी सांगायला हवे होते).

बाबांनी फोनवर विचारले, उद्या वारा कुठला? लग्नानंतर सात वर्षांत त्यांनी तिच्या कामाबद्दल पहिल्यांदाच काही विचारले. ती हरखली. सकाळी जमिनीकडचा, एकनंतर समुद्राकडचा, वायव्येचा, धूर झाला तर डोंगराकडे जाईल, पेणकडे नाही, असे दहा मिनिटे सांगत बसली. ते मन लावून हं हं करत होते.

सोमवार, दुपारी दीड. वरून. चित्र हातात आले तेव्हा तीन वाजले होते.

शेतावर लाल ठिपका, म्हणजे आग. त्यातून निघालेला धूर आग्नेयेला, डोंगराकडे.

एका ठिपक्यात साडेतीनशे मीटर लांबी-रुंदीचे रान मावते. त्यात बाबांचे शेत, शेजारच्या केरूकाकाचा वाल, शकूची काजू, सगळेच आले. ठिपका कोणाचा ते वरून कळत नाही. तिने बाबांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा. पुन्हा. मग आईला. हौसाबाई खोकल्या, "ते घरात नाय," म्हणाल्या, तू जेवलीस का ते विचारले आणि फोन ठेवला.

आई खोकली. म्हणजे राब आपलाच.

ठिपक्याचा प्रकार निवडायचा होता. यादीत पहिलाच वणवा होता, मग पेंढा, कचरा; राब नव्हता. तिचा हात तिथेच थांबला. या ठिपक्यात बाबा असतील, काठीने निखारे सारत, छाती दाटलेली.

बेल वाजली.

दारात बाबा. हातात वालाच्या शेंगांची पिशवी. धापा, पण जिना चढल्यावरच्या, तेवढ्याच.

"वडखळला अर्धा तास गाडी हलेना," ते म्हणाले. "फोन वाजला असंल, एसटीत कुठं ऐकू येतंय."

तिने त्यांना बसवले, पाठीला कान लावला. श्वास मोकळा. मग ती चिडली. राब का लावला?

"मी कुठं लावला? तुझ्या आईनं लावला. मी आलो हितं. तूच बोल्लीस ना गो, एकनंतर धूर पेणकडं येत नाय."

त्यांना स्क्रीनवर आपला राब बघायचा होता. तिने ठिपका दाखवला. बाजूच्या यादीतला पहिला शब्द त्यांनी तिला वाचायला लावला आणि मान हलवली.

"वणवा लिवू नको. वणवा लागतो. राब लावायला लागतो."

"आणि आई धुरात उभी आहे त्याचं काय?"

बाबा पिशवीची गाठ सोडू लागले. ती सुटेना. ते म्हणाले, "तिला दमा नाय." मग हळू, "विचार तिला, कुठं हाय."

ऋतुजाने फोन लावला. आई अजून बांधावर होती, कडेने जाळ सरकू नये म्हणून.

"आई, वायव्येला उभी राहा."

"म्हंजे कुठं गो?"

"केरूकाकाच्या वालाकडं."

पलीकडे पाचोळा वाजला, पावले, थोडा खोकला. मग बराच वेळ नुसता श्वास. बाबांचा कान फोनला लागलेला.

"आले," हौसाबाई म्हणाल्या. "हितं बरं हाय."