पत्रकातल्या सात ओळी

कोकिळानं ते पत्र तिसऱ्यांदा वरच्या ढिगात ठेवलं आणि शालिग्राम गुरुजींनी तिसऱ्यांदा उचलून खालच्या ढिगात टाकलं.

“कोके, तुले लिहाले बसवलं हाय, निवडाले नाई,” ते हसत म्हणाले.

वरचा ढीग छापायचा, खालचा नाही. मोताळ्यापासून पार जळगाव जामोदपर्यंतच्या एकसष्ट शाळांत दर महिन्याला शिक्षकांचं पत्रक जाई. कोणी व्याकरण शिकवायची युक्ती लिही, कोणी अपूर्णांकांची अडचण विचारी. काय घ्यायचं ते कोकिळाच्या वडिलांच्या, वामनरावांच्या ओसरीत दर रविवारी तिघे गुरुजी ठरवत. छपाईच्या मेणकागदाची स्टेन्सिल मात्र कोकिळा लिही. नववीतल्या पोरीचं अक्षर एकसष्ट शाळांत वाचलं जातं, म्हणून तीन महिने तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. आताशा ती मोठ्यांच्या बोलण्यात खुशाल तोंड घालायची.

“काऊन नाई घ्यायचं पण?”

“नियम काय हाय? फळ्यापासून दारापर्यंतचं छापायचं. माठ कोठी असते? ओसरीत. म्हणजे दाराबाहेर. झालं!”

पत्र सातपुड्याच्या पायथ्याच्या एका एकशिक्षकी शाळेतून मनकर्णाबाईंनी धाडलं होतं. ओळी सातच. ‘माझ्या शाळेत पाण्याचे दोन माठ होते. पोळ्यानंतर मी सगळ्या मुलांना मिळून एकच ठेवला. बत्तीसपैकी तेवीस मुलं घरी बसली. उरलेली नऊ बौद्धवाड्यातली. एकच माठ चालतो अशी शाळा आपल्यात कोठे आहे काय? असल्यास सुरुवात कशी केली, ते कृपया कळवावे.’

वामनराव चष्म्याच्या काचा पुसत बसले. पुसून झाल्या, तरी पुसत राहिले.

“भाऊराव, तुम्ही सांगा.”

भाऊराव गुरुजी कोपऱ्यात होते. ते स्वतः बौद्धवाड्यातले. कोणाच्याही घरी बसायचं असलं तरी फिरकीचा तांब्या घरून भरून आणत. कोकिळाला लहानपणापासून वाटे, यांना तहानच फार.

“नका छापू,” ते म्हणाले.

कोकिळाच्या हातातली लोखंडी लेखणी थांबली. “गुरुजी! तुम्ही तरी...”

“उत्तर नाई आलं तर?”

“येईन ना! काऊन नाई येणार? एकसष्ट शाळा हायेत!”

भाऊरावांनी तिच्याकडे पाहिलं. अक्षर सुंदर आणि गणित चुकलेलं, अशी पाटी पाहावी तसं. मग तांब्याची फिरकी घट्ट करून ते उठले.

त्या महिन्यात शेवटच्या पानावर तळाशी जागा उरली. वडील बाजारात गेले होते. कोकिळानं खालच्या ढिगातून पत्र काढलं, स्टेन्सिल सरळ केली आणि सातही ओळी मोत्यांसारख्या उतरवल्या. पत्रकं छापून पोस्टात पडली, तेव्हा कुठं वामनरावांच्या नजरेस ते आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. ती रागावण्याची वाट पाहत उभी राहिली.

“टाकलंस का,” एवढंच ते म्हणाले आणि पान उलटं करून ठेवलं.

मग रोज शाळा सुटली की ती धावतच घरी येई. पोस्टमननं टाकलेली पाकिटं आईच्या हातातून ओढून घेई.

“अवो, सासरचं पत्र येऊन राह्यलं काय तुले?” आई म्हणे.

पत्रं आली. कोणी खडू ओला होतो म्हणून लिहिलं. कोणी विभक्तीचा तक्ता मागवला. अमडापूरच्या गुरुजींनी तर खास कळवलं, की गेल्या अंकातलं अक्षर शेवटच्या ओळीपर्यंत फारच देखणं होतं. म्हणजे शेवटच्या पानापर्यंत त्यांनी वाचलं होतं.

माठाबद्दल एकानंही लिहिलं नाही.

पंचवीस दिवस झाले. सव्विसाव्या दिवशी ती वडिलांपुढं कोरा कागद घेऊन बसली.

“बाबा, तुम्हीच लिहा. आपल्या शाळेचं लिहा.”

“काय लिहू?” वामनराव म्हणाले. “एकावर पितळी झाकण हाय अन् एकावर कवेलू, हे लिहू?”

कोकिळा पहिलीपासून त्याच शाळेत शिकली होती. पितळी झाकण गार लागायचं, ते उचलताना खण्णकन वाजायचं, हे तिला पाठ होतं. त्या कौलाखालचं पाणी कोण पितं, हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. कागद तिच्या मांडीवर तसाच राहिला.

रविवारी तिघे पुन्हा बसले. ढिगात मनकर्णाबाईंचं पत्र होतं. कोकिळानं ते झडप घालून उचललं, पण फोडण्याआधीच शालिग्राम गुरुजींनी हात पुढं केला आणि ते मोठ्यानं वाचू लागले.

“‘विषय, हजेरी. माझ्या शाळेचा पट बत्तीस. आजची हजेरी बत्तीस. गावाच्या रिवाजाप्रमाणे शाळेतल्या सोयी ठेवल्यास मुलं नियमित येतात, असा अनुभव आला. आपल्या सर्व शाळांत हीच रीत असावी, असे दिसते.’ व्वा! याले म्हणतात अनुभव. मास्तरीण सुधरली, बाप्पा! साहेबबी खूश होतीन. काय वामनराव?”

वामनराव खाली पाहत होते.

“भाऊराव?”

“घ्या,” भाऊराव गुरुजी म्हणाले. “नियमात बसते.”

पत्र वरच्या ढिगात सगळ्यांच्या वर गेलं. कोकिळाला कोणी विचारलं नाही. तिनं नवी स्टेन्सिल पाटीवर ताणली आणि लेखणी हातात घेतली.

“पहिल्या पानावर घे,” शालिग्राम गुरुजी म्हणाले. “अन् अक्षर जरा मोठं काढ, बाई. साऱ्यायले वाचता आलं पाह्यजे.”